तो खाऊ नव्हे, ते औषध आहे

कामावर डबा वाटून खाणे ही आपली जुनी सवय आहे. एकीची भाजी, दुसरीची चटणी, तिसरीच्या भाकरी, असे सगळे मिळून जेवण होते. या सवयीत वाईट काही नाही. पण त्याच डब्याशेजारी कोणाच्या तरी पिशवीत एक छोटी पुडी असते. तिच्यात ग्लुकोजची पावडर, चार बिस्किटे, थोडी साखर नाहीतर दोन खजूर असतात. ती पुडी मधुमेह असलेल्या माणसाची असते. ‘थोडंसंच तर घेतलं’ म्हणून ती कोणी संपवली, तर त्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. ते कसे, हे या लेखात समजून घेऊ.

साखर कमी होते म्हणजे काय होते?

मधुमेह म्हणजे रक्तातली साखर वाढणे, एवढेच आपल्याला माहीत असते. पण औषध सुरू झाल्यावर दुसरा धोकाही येतो, तो म्हणजे साखर गरजेपेक्षा खाली जाण्याचा. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. ५४ च्या खाली गेली तर धोका गंभीर असतो.

आपला मेंदू साखरेवर चालतो आणि तो ती साठवून ठेवत नाही, रक्तातून सतत घेत राहतो. म्हणून रक्तातली साखर खाली आली की शरीर आधी इशारा देते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, एकदम भूक लागते. तरीही पोटात काही गेले नाही तर मेंदूचे काम बिघडू लागते. डोळ्यांपुढे अंधारी येते, जीभ जड होते, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. शेवटी झटके येतात किंवा शुद्ध हरपते. हे सगळे काही वेळा थोड्या मिनिटांत घडते.

इथे एक मोठा घोटाळा होतो. झोकांड्या खाणारा, बरळणारा माणूस पाहिला की लोक म्हणतात, ‘पिऊन आलाय.’ मग त्याला कोपऱ्यात झोपवतात, नाहीतर हाकलून देतात. साखर कमी झालेल्या माणसाला झोपवून निघून जाणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात सोडणे. माणूस दारू प्यायलेला असला तरी त्याची साखर कमी झालेली असू शकते, कारण दारूनेही साखर खाली येते. म्हणून असा माणूस दिसला की आधी विचारा, ‘शुगर आहे का? गोळी घेतली का? जेवलात का?’

हा धोका कोणाला जास्त?

मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला हा धोका सारखा नसतो. जे इन्सुलिन घेतात आणि जे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेतात, त्यांना तो जास्त असतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर अशी एकदम खाली जाणे विरळा. पण सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्यांत यांपैकी कोणती आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. गोळीच्या पाकिटावरचे नाव मुलांकडून वाचून घ्या आणि डॉक्टरांना एकदा सरळ विचारा, ‘या गोळीने साखर खाली जाऊ शकते का?’

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि वयस्कर माणसांनी जास्त जपावे. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही. अशा वेळी घाम येणे हीच काय ती खूण उरते.

आपल्या वस्तीतले लोक जी कामे करतात, त्यांत हा धोका आणखी वाढतो. झाडू मारणे, कचरागाडीवर चढणे-उतरणे, इस्पितळात पेशंट उचलणे, बांधकामावर पाट्या वाहणे, चार घरची धुणीभांडी करणे, ही सगळी अंगमेहनतीची कामे आहेत. मेहनतीत शरीर साखर खर्च करते. त्यात जेवणाची वेळ आपल्या हातात नसते. सकाळी सहाला गोळी किंवा सुई घेऊन माणूस निघतो, मुकादम सुट्टी देतो बाराला. मेहनतीचा परिणाम काम संपल्यावरही कित्येक तास राहतो. म्हणून कष्टाच्या दिवसानंतर रात्री झोपेतही साखर उतरू शकते.

पौर्णिमेला उपोसथ धरून दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांनीही हे ध्यानात ठेवावे. इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नये.

पुडी गेली की काय होते?

समजा, एक ताई इस्पितळात आया म्हणून काम करतात. सकाळी सुई घेऊन त्या आठाच्या पाळीला येतात. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटांचा पुडा ठेवतात. चहाच्या वेळी कोणी तरी पर्स उघडते, बिस्किटे वाटली जातात. ‘तुला शुगर आहे, तुला गोड कशाला? आम्हीच खातो,’ असे म्हणून सगळे हसतात. ताईही हसतात. साडेअकराला वॉर्डात गडबड होते, जेवण लांबते. ताईंना घाम फुटतो. त्या पर्सकडे धावतात आणि पर्स रिकामी असते.

‘शुगर आहे तर गोड कशाला?’ हा प्रश्न अज्ञानातून येतो. मधुमेहाच्या माणसाने रोज गोड खाऊ नये हे खरे. पण साखर खाली गेली की त्या घडीला गोड हेच त्याचे औषध असते. दम्याच्या माणसाच्या खिशात पंप असतो, हृदयरोग्याच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते. तशीच ही पुडी आहे. पंप कोणी चोरून ओढत नाही. मग पुडीला हात का लावायचा?

यातून आणखी एक नुकसान होते, ते चटकन दिसत नाही. आपली पुडी जागेवर राहील याची खात्री नसली की माणूस घाबरतो. घाबरून तो सकाळची गोळीच चुकवू लागतो. ‘साखर वाढलेली परवडली, चक्कर नको,’ असे त्याला वाटते. मग वर्षानुवर्षे साखर चढी राहते आणि डोळे, मूत्रपिंड, पाय हळूहळू निकामी होत जातात. बिस्किटाच्या एका पुड्याची किंमत अशी मोजावी लागते.

‘नको’ म्हणायला जड का जाते?

हात लावू नका, हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघत नाही. त्यामागे इतिहास आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाण्याला हात लावू दिला नाही, ज्यांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला बाबासाहेबांबरोबर जावे लागले, त्यांच्या लेकरांना दुसऱ्याला ‘माझ्या डब्याला शिवू नको’ असे म्हणणे लागते. कोणी आपल्या डब्यातले खाल्ले तर आपल्याला बरे वाटते. कामावर इतर समाजाचे लोक असतील आणि त्यांनी आपल्या डब्यात हात घातला, तर त्यांना नाही म्हणणे आणखीच अवघड होते.

ही भावना समजण्यासारखी आहे. पण शिवाशिव आणि औषध जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाशिवीत माणसाला कमी लेखले जाते. पुडी जपण्यात कोणालाही कमी लेखले जात नाही, एक जीव राखला जातो. डबा सगळ्यांबरोबर खा, भाकरी मोडून द्या. पुडी मात्र डब्यात ठेवू नका आणि कोणाला देऊ नका. सांगताना असे सांगा : ‘डब्यातलं हवं ते घे गं. ही पुडी माझं औषध आहे. ती संपली तर मी इथंच पडेन.’ यात कोणाचा अपमान होत नाही आणि ऐकणाऱ्याला कारणही कळते.

पंचशीलातले दुसरे शील आपण रोज म्हणतो. जे दिलेले नाही ते घेणार नाही, असा त्याचा अर्थ. चोरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पैसा आणि दागिने येतात. पण सोबतिणीच्या पर्समधली न विचारता घेतलेली चार बिस्किटेही न दिलेलीच असतात. ‘गंमत केली’ म्हटल्याने ती दिलेली होत नाहीत.

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला, त्याच आपल्या माईसाहेब, डॉ. सविता आंबेडकर. बाबासाहेबांचे पथ्यपाणी आणि औषधे त्या पाहत असत. घरात डॉक्टर असण्याचे भाग्य प्रत्येकाला नसते. कामावर आपली काळजी घेणारे कोण असते? शेजारी काम करणारा माणूसच.

पुडीत काय ठेवावे?

पुडीचे दोन भाग करा.

पहिला भाग लगेच साखर वाढवणारा हवा : ग्लुकोज पावडर तीन चहाचे चमचे भरून, किंवा साधी साखर तीन ते चार चमचे. हे सुमारे १५ ग्रॅम होते. एक मापाची वेगळी पुडी बांधा आणि अशा दोन-तीन पुड्या जवळ ठेवा.

दुसरा भाग साखर टिकवणारा हवा : बिस्किटे, पोळीचा तुकडा किंवा भाजलेले चणे. बरे वाटल्यावर, जेवणाला वेळ असेल तर हे खायचे. चॉकलेट, लाडू, चिक्की यांत तेल-तूप असते, त्यामुळे त्यांची साखर रक्तात उशिरा पोहोचते. चक्कर येत असताना त्यांच्यावर विसंबू नका.

ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांनी ग्लुकोजच ठेवावे. या औषधांमुळे साधी साखर पचायला वेळ लागतो.

पुडी दोन ठिकाणी ठेवा. एक अंगावर, म्हणजे गणवेशाच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत. दुसरी पर्समध्ये किंवा कपाटात. वरती मोठ्या अक्षरांत लिहा, ‘औषध’. पुडीबरोबर एक चिठ्ठीही ठेवा. तिच्यावर तुमचे नाव, घरचा फोन, औषधांची नावे आणि ‘मला मधुमेह आहे’ एवढे लिहा.

जेवण वेळेवर मिळेल याची खात्री असल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊ नये. कामाच्या वेळा डॉक्टरांना सांगा आणि औषधाच्या वेळा त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. आठवड्यात एक-दोनदा जरी साखर खाली जात असेल तरी लगेच दवाखान्यात जा. वारंवार असे झाले की शरीर घाम-थरथरीचा इशारा देणेच बंद करते आणि माणूस एकदम कोसळतो.

सोबत्याची साखर उतरली तर

१. काम थांबवा. शिडी, यंत्र, गाडी यांपासून त्याला बाजूला बसवा.

२. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर ग्लुकोजची किंवा साखरेची एक पुडी पाण्यात ढवळून पाजा. ते नसेल तर अर्धा कप गोड थंड पेय किंवा फळांचा रस द्या. ‘डाएट’ लिहिलेले पेय चालत नाही.

३. १५ मिनिटे शेजारी बसा. बरे वाटले नाही तर तेवढेच पुन्हा द्या. साखर मोजायचे यंत्र असेल तर मोजा. नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका. शंका असली तरी साखर द्या.

४. बरे वाटल्यावर बिस्किटे किंवा जेवण द्या. त्याला एकट्याला घरी पाठवू नका.

५. शुद्ध हरपली असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ‘मधुमेहाचा पेशंट आहे’ हे आधी सांगा, चिठ्ठी त्यांच्या हातात द्या.

गोळ्यांमुळे उतरलेली साखर एकदा वर येऊन पुन्हा खाली जाऊ शकते. म्हणून शुद्ध हरपलेला माणूस सावध झाला तरी त्याला इस्पितळात नेलेच पाहिजे.

मुकादम आणि युनियनच्या लोकांनी

प्रथमोपचाराच्या पेटीत पट्टी आणि मलम असते. त्यातच ग्लुकोजचे एक पाकीट ठेवायला सांगा. कोणाला मधुमेह आहे हे त्याच्या परवानगीने दोन सोबत्यांना माहीत असू द्या. गोळी घेणाऱ्याला ठरल्या वेळी दहा मिनिटे खायला सोडणे ही मेहेरबानी नव्हे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास आणि कामगाराचे आरोग्य हा हक्काचा विषय आहे, हे त्यांनी आपल्याला शिकवले. पुडी पुन्हा पुन्हा नाहीशी होत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. सगळ्यांना एकत्र बसवून हा लेख वाचून दाखवा.

विहारात किंवा महिला मंडळात चर्चेसाठी

• आपल्या मंडळात इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या कोण घेते? त्यांच्या पिशवीत आज पुडी आहे का?

• आपल्या कामाच्या ठिकाणी कोणी कोसळले, तर साखर कुठे मिळेल आणि १०८ ला फोन कोण करेल?

• ‘डब्यातले घे, पुडी नको’ हे वाक्य आपल्याला म्हणता येते का? एकमेकींना म्हणून दाखवा.

• वयाची तिशी ओलांडलेल्या किती जणांनी अजून साखर तपासलेली नाही? सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारून एक दिवस ठरवा आणि सगळे मिळून जा.