बांधण्याआधी बघ

चि. मुक्ता,

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये तुझ्या क्लिनिकची पाटी लागली, फार बरं वाटलं. हे पत्र मात्र मावशी म्हणून लिहीत नाही. आयुष्यभर लोकांचे हात हातात घेऊन बसलेली जुनी फिजिओ म्हणून लिहिते आहे. कंबर, मान, गुडघे यांचे पेशंट तुझ्याकडे जास्त येतील आणि ते तुला नीट जमेलही. हाताचं तसं नाही. हात घेऊन येणाऱ्याला घाई असते, जखम दिसायला चिमुकली असते, आणि तिथेच फसगत होते. माझा कानमंत्र एवढाच आहे की बांधण्याआधी बघ. पट्टी एकदा बसली की पुढचे आठ-दहा दिवस ती सोडून आत डोकवायचं कुणाच्या मनात येत नाही, आणि हाताच्या बाबतीत तेच दिवस मोलाचे असतात.

टाके घालणं, हाड बसवणं हे तुझं काम नव्हे, हे तू जाणतेसच. पण मोठ्या दवाखान्याची रांग चुकवायला लोक आधी तुझ्याकडेच येतील. अशा वेळी कुणाला लगेच पुढे पाठवायचं, हे तुला पाच मिनिटांत ठरवता आलं पाहिजे.

हातात सत्तावीस हाडं, मनगटाची आठ, तळव्याची पाच, बोटांची चौदा, हे तुझं पाठ आहे. पेशंटला ते सांगू नकोस, त्याच्या उपयोगाचं नाही. त्याला हे सांग की बोटांत स्नायू नसतातच. बोटं वाकवणारे जोरकस स्नायू कोपराखाली असतात आणि लांब दोऱ्यांनी बोटं ओढतात, कळसूत्री बाहुलीसारखी. एवढं कळलं की नखाएवढ्या कापण्यानं अख्खं बोट कसं निकामी होतं, हे त्याला आपोआप उमगतं. काच, विळी, पत्रा यांनी तळव्याच्या बाजूला बोट कापलं तर कातडीखाली जेमतेम अर्ध्या बोटावर ती दोरी असते. ती पूर्ण तुटली की वरचं टोक आखडून तळव्यात निघून जातं. वर दोन टाके, आत तुटलेली दोरी, आणि महिन्याभरानं पोराची आई विचारते, बोट का वाकत नाही? तोवर सोपं ऑपरेशन अवघड झालेलं असतं.

म्हणून असं कर. हात टेबलावर उताणा ठेवायला सांग, अगदी सैल. नुसतं बघ. तर्जनीपासून करंगळीकडे बोटं क्रमानं जास्त जास्त वाकलेली दिसतात. त्या ओळीत एखादं बोट सरळ पडून राहिलं असेल तर हात न लावता निम्मं निदान झालं. मग त्या बोटाचं मधलं पेर तुझ्या चिमटीत घट्ट धर आणि टोक वाकवायला सांग. ही दोन दोऱ्यांपैकी खोलवरच्या दोरीची परीक्षा. नंतर बाकीची तीन बोटं टेबलावर सरळ दाबून धर आणि दुखरं बोट एकटं वाकवायला सांग. मधल्या सांध्यात वाकलं तर वरची दोरी शाबूत आहे. बोट वाकलं म्हणून लगेच निश्चिंत होऊ नकोस. अर्धवट तुटलेली दोरीही बोट वाकवते, फक्त तू उलट जोर लावलास की पेशंट कळवळतो. लहान मूल रडत असेल, ऐकत नसेल, तर त्याचं मनगट हळूच मागे वळव. धडधाकट बोटं आपोआप मिटतात, दोरी तुटलेलं बोट मागे राहतं. मग स्पर्श बघ, बोटाच्या दोन्ही कडांना वेगवेगळा, कारण दोन्ही कडांनी वेगळी नस जाते. आणि हे सगळं भूल देण्याआधी झालं पाहिजे. भूल दिल्यावर बोट बधिर आहे की नस तुटली आहे, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

तुझ्या क्लिनिकपासून कॅप्टन रूपसिंह स्टेडियम जवळच. सचिननं २४ फेब्रुवारी २०१० ला तिथेच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० केले, पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक. पलीकडे १९५७ साली सुरू झालेली लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था. त्यामुळे खेळणारी पोरं तुझ्याकडे रोज येणार, आणि त्यांतली बरीच बोटाच्या टोकाला चेंडू लागलेली. टोकाचं पेर खाली लोंबतं, वर उचलत नाही, फारसं दुखतही नाही. ‘मुका मार आहे, जाईल’ म्हणून घरचे सोडून देतात. बोट सरळ करणारी पाठीवरची दोरी तिथे तुटलेली असते. आधी एक्स-रे काढून घे. हाडाचा मोठा तुकडा सुटला असेल तर सर्जनकडे पाठव. नसेल तर फक्त शेवटचा सांधा सरळ ठेवणारी पट्टी, सहा ते आठ आठवडे, चोवीस तास. मधला सांधा मोकळा. या उपचारात पोरांपेक्षा आया चुकतात. आंघोळीला पट्टी काढतात, पेर एकदा खाली पडतं, आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. पट्टी बदलताना बोट टेबलाच्या कडेवर सपाट दाबून ठेवायचं, हे त्यांना एकदा सांगून भागत नाही. त्यांच्याच हातून तुझ्यासमोर दोनदा करून घे.

दुसरं सर्रास येणारं दुखणं म्हणजे दुचाकीवरून तळव्यावर पडलेला तरुण. मनगट थोडं सुजलेलं, एक्स-रे साफ, वेदनाशामक घेऊन तो कोचिंग क्लासला जातोही. त्याला अंगठा ताठ वर करायला सांग. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दोन दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो. तपकीर ओढणारे जुने लोक त्यात चिमूट ठेवत. तिथे बोटानं दाब. दुखलं तर एक्स-रे काहीही म्हणो, स्काफॉइड मोडलं आहे असंच धरून चाल. हे हाड पहिल्या फोटोत पुष्कळदा चकवतं. मनगट आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढायला लाव. या हाडाला रक्त पुढच्या टोकाकडून मागे येतं, त्यामुळे मधून मोडलं की मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, मग तो जुळत नाही, कधी कधी मरूनच जातो. विशीत दुर्लक्षिलेलं हे मनगट पस्तिशीत झिजलेलं दिसतं. एवढ्या कर्तबगार वयात माणसाला मनगटानं दगा द्यावा, याचं मला फार वाईट वाटतं, कारण एका बोटाच्या दाबानं ते टळलं असतं.

लश्कर भागातल्या आपल्या आज्या-काकवा न्हाणीघरात पडून येतील, त्यांचं मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकलेलं दिसेल. ते निदान दारातूनच होतं. डब्लिनच्या कोलीसनं १८१४ साली हे मोडणं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रे जन्मालाही यायचा होता. तुझं काम वेगळं. सूज चढायच्या आत अंगठ्या आणि बांगड्या काढ. अंगठी साबणानं निघाली नाही तर दोरा गुंडाळून, तेही नाही जमलं तर कापून. हिरव्या बांगड्यांना बाई हात लावू देत नाही. तिला ‘फोडू या’ कधी म्हणू नकोस, ‘वाढवू या’ म्हण. मग हात ती स्वतःच पुढे करते. आणि हाड जुळल्यावर तिला हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी करायला पाठव, नाहीतर पुढची पाळी खुब्याची.

आता दोन गोष्टी क्लिनिकच्या भिंतीवर हिंदीत लिहून लाव. पहिली मोटरसायकलच्या चेनची. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला, आणि फिरत्या चेनला कापड लावून पुसणं. कापड दातऱ्यात अडकतं आणि बोटं ओढून नेतं. इंजिन बंद, चावी खिशात, हातात कापड नव्हे, लांब दांड्याचा ब्रश. रविवारी सकाळी होणारा हा अपघात शंभर टक्के टाळता येतो, म्हणूनच तो बघवत नाही.

दुसरी, तुटलेल्या बोटाची. रक्त थांबवायला जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. बोटाला सुतळी आवळायची नाही, हळद-चहापूड भरायची नाही. तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो गोठून मरतो. बोटात स्नायू नसल्यामुळे थंड ठेवलेलं बोट बराच वेळ तग धरतं, कोपराखालून तुटलेल्या हाताला तेवढी सवड नसते. जपानात नारा इथे कोमात्सु आणि तामाई यांनी १९६५ साली पूर्ण तुटलेला अंगठा पहिल्यांदा जोडला. आज ही शस्त्रक्रिया आपल्या देशात होते, पण प्रत्येक दवाखान्यात नाही. आधी फोन करून सोय आहे का विचार, मग पेशंट हलव. इथे नसेल तर दिल्लीचा रस्ता धरायला उशीर नको.

मालनपूर, बानमोरच्या कारखान्यांतले कामगार येतील, प्रेसमध्ये बोट गेलेले. त्यांच्या कागदावर कुठलं बोट, कितव्या पेरापासून, उजवं की डावं, हे स्वच्छ लिही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यानं कमाईची क्षमता गेल्याचा हिशेब पेरागणिक मांडला होता: अख्खा अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. अंगठ्याचं मला मान्य. करंगळीचे सात मात्र कधीच पटले नाहीत. हातोडा, पाना, बॅट, पाण्याची बादली, जे जे घट्ट धरायचं त्याचा जोर अनामिका आणि करंगळीतून येतो. करंगळी गेलेला फिटर पाना धरताना काय करतो ते एकदा नीट बघ, आणि ते रिपोर्टात लिही.

सरोदच्या या गावात नखालाही जपावं लागतं. हाफिज अली खाँसाहेबांच्या घराण्यात तारा डाव्या हाताच्या नखानं दाबतात. दारात चेंगरलेल्या बोटाचं नख काळं झालं तर उपटून टाकू देऊ नकोस, खालची गादी फाटली असेल तर तीच आधी नीट शिवली पाहिजे. नवं नख पूर्ण यायला सहाएक महिने लागतात आणि गादी वाकडी जुळली तर नख कायमचं वाकडं येतं.

आता आखडण्याबद्दल, कारण शेवटी सगळे तुझ्याकडे येतात ते याचसाठी. हात आधारात ठेवायचा तर मनगट किंचित मागे, बोटं मुळाशी जवळजवळ काटकोनात वाकलेली आणि पुढे सरळ. मुळाच्या सांध्याचे बाजूचे बंध वाकलेल्या स्थितीत ताणलेले असतात. सरळ ठेवून बांधले की ते आखडतात आणि मूठ पुन्हा मिटत नाही. मला आयुष्यात मोडलेल्या हाडांनी दमवलं नाही तेवढं चुकीच्या पट्टीनं आखडलेल्या हातांनी दमवलं. सूज उतरवायला हात हृदयाच्या वर ठेवायचा, झोळीत लोंबत नाही. जी बोटं मोकळी आहेत ती पहिल्या दिवसापासून हलवायची, खांदा तर नक्कीच.

इथे लोक पहलवानाकडे जाऊन हाड बसवून घेतात, कामट्या लावून करकचून बांधून आणतात. त्यांना रागावू नकोस, रागावलीस तर पुन्हा येणार नाहीत. बोटं निळी किंवा पांढरी पडली आहेत का, मुंग्या येतात का, आणि मुख्य म्हणजे बोट सरळ करताना असह्य दुखतं का, ते बघ. आत दाब वाढून रक्त अडलं तर काही तासांत कोपराखालचे स्नायू मरतात आणि हात कायमचा वाकडा होतो. जर्मन सर्जन फोल्कमाननं हे १८८१ सालीच लिहून ठेवलं. असा पेशंट दिसला की तिथल्या तिथे बांधलेलं सगळं सोड, कातडीपर्यंत, आणि सर्जनला फोन कर. प्लास्टर घातलेल्याच्या घरीही हेच सांगून ठेव. औषध घेऊनही दुखणं वाढत गेलं तर रात्री दोन वाजले तरी सकाळची वाट बघायची नाही, प्लास्टर कापायला जायचं. तुझा नंबर त्यांच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून दे.

तुझी,
मावशी