कोंड्याची पोय आणि रात्रभरचे आंबवण

सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की गोव्यातल्या घरांतून टोपली बाहेर येते. मधुमेहाच्या माणसाला ‘पाव नको, पोय खा’ असे आपण सांगतो. पण ती पोय एकदा मोडून पाहावी. आत पांढरीशुभ्र असेल तर ती मैद्याचीच. कोंडा नुसता वरून लावलेला. आणि खऱ्या पोयीतही पिष्ट असतेच, तेव्हा अशा रुग्णाने तीही मोजूनच खावी.

जुन्या पोदेरांच्या घरी पीठ माडाच्या सुरेने आंबवीत. सुरेत साखर असते व हवेतले किण्व तिच्यात आपोआप वाढते. त्याला वेळ लागतो. विकतच्या यीस्टने पीठ तासा-दोन तासांत फुगते आणि भट्टी लवकर मोकळी होते, म्हणून पोदेर तिकडे वळले. त्यांना दोष देता येत नाही. पहाटेपासून भट्टीच्या धगीत उभे राहणे सोपे नाही.

मात्र त्या वेळेतच पोयीचा गुण होता. गव्हाच्या कोंड्यात लोह असते, पण कोंड्यातलेच फायटिक आम्ल ते धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. पीठ सावकाश आंबट होत गेले की हे आम्ल बरेच कमी होते. रक्त कमी असलेल्या मायभगिनींनी हे ध्यानात घ्यावे. पोय चहात बुडवून खाण्याची आपली सवयही लोहाच्या आड येते. चहा तासाभराने घ्यावा. पोयीबरोबर लिंबू पिळलेली पालेभाजी बरी.

घरी करायची तर अर्धा किलो न चाळलेले गव्हाचे पीठ, दीड लहान चमचा मीठ व सुमारे साडेतीनशे मिलिलिटर द्रव घ्यावा. परवाना असलेल्या रेंदेराकडून त्याच सकाळची ताजी सूर मिळाली तर निम्मा द्रव तिचा, गाळून. न मिळाल्यास साधे पाणी व चिमूटभर यीस्ट. पीठ सैलसर मळून, झाकून सहा ते आठ तास ठेवावे, उन्हाळ्यात कमी. मग गोळे कोंड्यात घोळवून चपटे करावेत आणि अर्धा तास ठेवावेत. बेबिंकेसाठी करतो तसे जाड पातेल्याच्या झाकणावर निखारे घालून भाजावे. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पोय झाली.

भाजण्यापूर्वी मूठभर पीठ काढून थंड जागी ठेवावे. उद्याच्या पोयीला तेच विरजण.