उपचाराची इच्छा कशी जागते?



मावळातल्या ठाकर-कातकरी वाड्यांवर मोबाइल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. लोणावळ्यातल्या कामाचा निरोप त्यावरच येतो आणि वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांचा आवाजही त्यावरच ऐकू येतो. त्यामुळे फोन हातातून सुटेनासा झालेल्या तरुणाला ‘फेकून दे तो’ असे सांगून भागत नाही. दारू पूर्ण सोडता येते. फोन मात्र ताब्यात ठेवायला शिकावे लागते.

यावर मदत मिळते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी खास उपचार केंद्र आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्येही मोबाइलच्या व्यसनासाठी समुपदेशन होते. पण घरच्यांनी ओढून नेलेला मुलगा मनाने तिथे पोहोचलेला असतोच असे नाही.

बदलाच्या पायऱ्या

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून बदलाच्या पायऱ्या मांडल्या. त्या आपल्या भाषेत अशा:

१. ‘मला काही झालेले नाही.’
२. कळते, पण वळत नाही.
३. तयारी.
४. प्रत्यक्ष बदल.
५. तो टिकवणे. मध्ये घसरला तरी पुन्हा चढता येते.

आपली गफलत इथेच होते. मुलगा पहिल्या पायरीवर असतो आणि आपण त्याला चौथ्या पायरीचा उपदेश करतो. मग तो फोन सोडत नाही, आपल्याशी बोलणे मात्र सोडतो.

काय विचारावे?

त्याला शांतपणे विचारा, “फोन कमी करणं तुला किती गरजेचं वाटतं? शून्य ते दहामध्ये सांग.” तो म्हणेल, “तीन.” ‘तीनच?’ असे आपल्या तोंडी येईल, ते गिळा. विचारा, “शून्य का नाही म्हणालास?”

मग तोच सांगू लागतो: रात्री झोप होत नाही, सकाळी कामाची गाडी चुकते, रिचार्जला मजुरी जाते. हीच कारणे आपण सांगितली तर ती कटकट होते. त्याच्या तोंडून निघाली की तीच प्रेरणा होते. त्यानंतर एवढेच विचारा, “या आठवड्यात काय करून बघशील?”

सोबतीचे बळ

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली ठरवले: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. सगळेच बंद करतात, त्यामुळे कोणा एकाकडे बोट दाखवले जात नाही. जेवताना आपण मोठ्यांनी फोन बाजूला ठेवला, तर आपल्या वाडीतही हे जमेल.

झोप, काम किंवा शाळा पूर्ण कोलमडली असेल, कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर वाट पाहू नका. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे.

चर्चेसाठी

१. आपल्या ओळखीतली अशी व्यक्ती कोणत्या पायरीवर आहे?
२. तिच्याशी शेवटचे बोललो तेव्हा आपण विचारले जास्त, की सांगितले जास्त?