सीटखालची जागा कोणाची? – बॅटरी, हायड्रोजन आणि गाडीची चासी

भविष्यातली गाडी बॅटरीची की हायड्रोजनची, हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. वाद होतो तो ॲव्हरेजवर, चार्जिंगच्या वेळेवर आणि किमतीवर. पण डिझाइनच्या टेबलावर पहिला प्रश्न यातला एकही नसतो. तिथे विचारतात, "हे सगळं सामान ठेवायचं कुठे?" माझं म्हणणं असं, की या दोन तंत्रांचं निम्मं भांडण हे केमिस्ट्रीचं नसून जागेचं आहे. आणि ती जागा म्हणजे आपल्याच सीटखालचा दोन-अडीच चौरस मीटरचा तुकडा. तो कोणाला मिळतो, यावर गाडीचा आकार तर ठरतोच, पण वर बसलेल्या माणसांची सुरक्षितताही ठरते.

(या लेखात 'चासी' म्हणजे गाडीचा खालचा, भार पेलणारा सगळा भाग. आजच्या बहुतेक कारमध्ये ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडीच सांगाडा असते, हे आपण शिकलोच आहोत.)

मोक्याची जागा

पेट्रोल हा फार समजूतदार पाहुणा आहे. द्रव असल्यामुळे त्याला कुठलाही आकार चालतो. म्हणून कारची प्लास्टिकची टाकी वाकडीतिकडी बनवून मागच्या सीटखाली उरलेल्या जागेत कोंबता येते. डिझायनर आधी गाडी काढतो आणि टाकी नंतर बसवतो.

बॅटरी आणि हायड्रोजनच्या बाबतीत हे चालत नाही. दोन्ही जड किंवा मोठे आहेत, आणि दोघांनाही धक्का लागलेला चालत नाही. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग अपघातात चेपण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून तिथे काही नाजूक ठेवता येत नाही. राहिली ती दोन ॲक्सलमधली आणि दोन्ही दारांखालच्या बीममधली जागा. इथे वजन ठेवलं की गुरुत्वमध्य खाली येतो, पुढच्या-मागच्या चाकांवर भार नीट वाटला जातो आणि चारी बाजूंनी संरक्षण मिळतं. थोडक्यात, एकच प्लॉट आणि दोन गिऱ्हाइकं!

स्केटबोर्डची कल्पना

सगळं सामान एका चपट्या फळीत भरायचं आणि वर हवी ती बॉडी बसवायची, ही कल्पना जनरल मोटर्सने जानेवारी २००२ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात 'ऑटोनॉमी' या नावाने मांडली. त्या फळीची जाडी होती ६ इंच, म्हणजे साधारण १५ सेंमी. फ्युएल सेल, हायड्रोजन, मोटर, ब्रेक, स्टिअरिंगची यंत्रणा, सगळं त्यात! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिसला तिची खरोखर चालणारी बहीण आली, 'हाय-वायर'. तिच्या फळीच्या मधोमध ३५० बारच्या तीन टाक्या होत्या आणि फळीची जाडी झाली होती ११ इंच, म्हणजे २८ सेंमी. कागदावरचे १५ सेंमी रस्त्यावर २८ कसे झाले? यात इतर गोष्टीही असतील, पण गोल टाकी जिथे झोपवायची तिथे फळी पातळ ठेवता येत नाही, हे उघड आहे.

गंमत म्हणजे स्केटबोर्डची कल्पना हायड्रोजनसाठी निघाली आणि तिचा फायदा घेतला बॅटरीने. २०१२ मध्ये आलेल्या टेस्ला मॉडेल एसमध्ये सात हजारांहून जास्त छोटे सेल एका चपट्या पॅकमध्ये भरून तो पॅक फरशीसारखा गाडीखाली लावला होता. बॅटरी म्हणजे शेवटी विटा. विटा उभ्या, आडव्या, एका थरात कशाही रचता येतात. आज बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये हीच रचना दिसते.

हायड्रोजन चपटा का होत नाही?

आता थोडं गणित. कारमध्ये हायड्रोजन ७०० बार दाबाने भरतात. आपल्या कारच्या टायरमध्ये असतो साधारण २.२ बार, म्हणजे हे तीनशेपटीहून जास्त झालं. सीएनजीसुद्धा २०० बारलाच भरतात. समजा, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी चपटी पेटी करून तीत ७०० बारने गॅस भरला. वरच्या पत्र्यावर किती बल येईल? दाब गुणिले क्षेत्रफळ, म्हणजे ७ कोटी न्यूटन. सुमारे ७,००० टन! पाच टनांचा एक हत्ती धरला तर १,४०० हत्ती खालून त्या पत्र्याला वर ढकलताहेत. पत्रा वाकणार नाही तर काय करणार?

नळकांड्यात मात्र हे बल भिंतीत नुसत्या ताणाच्या रूपाने फिरतं, वाक येत नाही. सेकंड इयरचं सूत्र आठवा: परिघाच्या दिशेचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. लांबीच्या दिशेचा ताण याच्या निम्मा. म्हणून आत प्लास्टिकचं अस्तर आणि त्यावर कार्बन फायबर गुंडाळलेलं, अशी टाकी बनवतात. (७०० बारला भिंत बरीच जाड होते, त्यामुळे हे पातळ भिंतीचं सूत्र नुसतं अंदाजापुरतं वापरायचं.)

मग पुष्कळ बारीक नळ्या शेजारी-शेजारी लावून चपटी टाकी का करू नये? छान प्रश्न आहे, आणि जर्मनीत यावर कामही झालं आहे. वरचं सूत्र पुन्हा बघा. त्रिज्या निम्मी केली की लागणारी जाडीही निम्मी होते. म्हणजे तितक्याच गॅससाठी कार्बन फायबर जवळजवळ तेवढंच लागतं. त्यामुळे वजनात तोटा नाही. तोटा आहे तो तोंडांचा आणि सांध्यांचा. एका टाकीच्या जागी दहा नळ्या आल्या की दहा तोंडं, जास्त जोड, जास्त पाइप. आणि हायड्रोजन हा सगळ्यांत लहान रेणू, त्याला गळायला निमित्तच हवं असतं.

आपल्याकडे याच युक्तीचा सौम्य अवतार रस्त्यावर फिरतो आहे. सीएनजी गाडीची डिकी सिलिंडरने खाल्ली, ही आपली नेहमीची तक्रार. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये अल्ट्रोझ सीएनजीत ६० लिटरचा एक सिलिंडर न देता ३० लिटरचे दोन दिले आणि ते डिकीच्या फरशीखाली टाकले. डिकी मोकळी झाली. फक्त दोन तुकडे केले, एवढंच.

चार गाड्या, चार उत्तरं

टोयोटा मिराई (२०१४) मध्ये दोन टाक्या आडव्या होत्या, एकूण १२२.४ लिटर, आणि त्यात सुमारे ५ किलो हायड्रोजन. फ्युएल सेल पुढच्या सीटखाली होता. गाडीत बसायचे फक्त चौघे. २०२० च्या दुसऱ्या मिराईत डिझायनरांनी सगळी मांडणी मोडली. फ्युएल सेल बॉनेटखाली गेला, मधल्या बोगद्यात एक लांब टाकी उभी झोपवली आणि मागे दोन आडव्या. वरून पाहिलं तर इंग्रजी 'टी' अक्षर. एकूण १४१ लिटर, ५.६ किलो गॅस, आणि पाचवा माणूसही बसला! ह्युंदाई नेक्सोने (२०१८) वेगळाच विचार केला. ५२.२ लिटरच्या तीन अगदी सारख्या टाक्या मागच्या भागात आडव्या लावल्या. एकच साइझ असली की बनवायला सोपं.

या दोन्ही कंपन्यांनी बॅटरी अगदी छोटी ठेवली, दीड युनिटच्या आसपास. (युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलातलं, किलोवॅट-तास.) खरी परीक्षा मोठी बॅटरी आणि हायड्रोजन एकत्र आणण्यात आहे. मर्सिडीजने २०१८ च्या जीएलसी एफ-सेलमध्ये १३.५ युनिटची बॅटरी मागे ठेवली, एक टाकी मधल्या बोगद्यात आणि दुसरी मागच्या सीटखाली. होंडाने २०२४ मध्ये सीआर-व्हीचं असं मॉडेल आणलं. १७.७ युनिटची बॅटरी आणि ४.३ किलो हायड्रोजन. इथे बॅटरीने फरशी घेतली, एक टाकी मागच्या सीटखाली गेली, आणि दुसरी थेट डिकीत! मग त्या टाकीवर फळी टाकून डिकीचे दोन मजले करावे लागले. एकाला प्लॉट दिला की दुसरा गच्चीवर जातो, तसंच हे.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ५.६ किलो हायड्रोजनमध्ये सुमारे १८५ युनिट ऊर्जा असते. फ्युएल सेलमधून त्यातली निम्मी मिळाली तरी ९० युनिट हाती येतात. तेवढ्या बॅटरीचं वजन साधारण चारशे ते सहाशे किलो होतं, तर मिराईच्या टाक्यांचं सुमारे ९० किलो. म्हणजे हायड्रोजन वजनात हरत नाही. तो हरतो आकारात.

शेजारधर्म

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. बॅटरी आणि टाकी शेजारी-शेजारी ठेवायची तर एकाचं दुखणं दुसऱ्याला लागता कामा नये.

प्रत्येक टाकीच्या तोंडाशी एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. आग लागून तो साधारण ११० अंशांपर्यंत तापला की वितळून उघडतो आणि गॅस बाहेर सोडून देतो, म्हणजे टाकी फुटत नाही. पण व्हॉल्व्ह टाकीच्या टोकाला असतो. समजा, मधल्या भागाखालचा बॅटरीचा एक सेल पेटला. कार्बन फायबरची भिंत उष्णता पटकन पुढे नेत नाही. म्हणजे टाकी मध्ये भाजते आहे आणि टोकाचा व्हॉल्व्ह थंड आहे! ही भीती खरी असल्यामुळेच संयुक्त राष्ट्रांच्या हायड्रोजन गाड्यांच्या नियमावलीत टाकीच्या एकाच भागाला आग लावून बघण्याची चाचणी आहे. व्हॉल्व्हमधून सुटणारा झोत प्रवाशांच्या जागेत, डिकीत, चाकाच्या पोकळीत, दुसऱ्या टाकीवर किंवा उघड्या विजेच्या टर्मिनलवर जाता कामा नये, असंही त्यात सांगितलं आहे. आता ही यादी घेऊन गाडीखाली दिशा शोधा बरं! बहुतेक दिशा आधीच बाद होतात.

उलट बाजूने बॅटरीचेही हट्ट आहेत. तिला खालून दगड-सळई लागलेली चालत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत रस्त्यावरच्या लोखंडी तुकड्यांवरून जाऊन मॉडेल एसला आगी लागल्या, तेव्हा २०१४ मध्ये टेस्लाने खाली टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमचं कवच लावलं. शिवाय बॅटरीचा डबा पाणी जाऊ नये म्हणून घट्ट बंद हवा, आणि हायड्रोजनची जागा गळलेला गॅस वर निघून जावा म्हणून मोकळी हवा. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो आणि त्याला ठिणगीही अगदी क्षुल्लक पुरते. एक म्हणतो खिडक्या लावा, दुसरा म्हणतो उघडा. रूम पार्टनरचा अनुभव असलेल्यांना जास्त सांगायला नको.

आणखी एक बारकावा. भरलेली टाकी काही मिलीमीटर फुगते आणि लांबते. म्हणून तिला दोन्ही टोकांना घट्ट बोल्ट मारता येत नाहीत, फुगायला वाव ठेवावा लागतो. याचाच अर्थ, टाकी चासीचा भार उचलत नाही. बॅटरी मात्र उचलू शकते. बीवायडी सील (२०२२) मध्ये बॅटरीचं झाकण हीच केबिनची फरशी आहे.

आपल्याकडे काय?

पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी आणि एनसीएल यांनी बनवलेली फ्युएल सेल बस सादर झाली. मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या १६ हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या सुरू झाल्या. बस आणि ट्रकच का? कारण बसला छत आहे आणि ट्रकला केबिनच्या मागे जागा आहे. तिथे नळकांडं नळकांड्यासारखं राहू शकतं, सीटखालच्या प्लॉटसाठी भांडावं लागत नाही. छतावर टाक्या ठेवल्या की गुरुत्वमध्य वर जातो, हे खरं. पण गळलेला गॅस सरळ आकाशात जातो. कारमध्ये मात्र आपल्याकडे बॅटरीच पुढे आहे. २०२४ मध्ये महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या आल्या, त्या चाकणला बनतात आणि त्यांची चासी बॅटरीसाठीच आखलेली आहे.

पण यातही एक काळजी आहे. बॅटरी जितकी चासीत मुरते तितकी ती काढणं अवघड होतं. टेस्लाच्या काही मॉडेल वाय गाड्यांत पुढच्या सीट थेट पॅकवर बसवल्या आहेत आणि आत फोम भरला आहे. गाडी मजबूत आणि हलकी होते, कबूल. पण एक सेल बिघडला तर आपल्या गेटसमोरचा गॅरेजवाला काय उघडणार? ज्या देशात गाडी पंधरा वर्षं चालवून मग भावाला विकतात, तिथे हा प्रश्न क्रॅश टेस्टइतकाच मोठा आहे.

आपल्यापैकी कित्येक जण उद्या चाकण-पिंपरीला नोकरीला लागतील. प्रोजेक्टला इलेक्ट्रिक किंवा हायड्रोजन गाडी घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मोटर किती किलोवॅटची, हे ठरवण्याआधी पुठ्ठ्याचे डबे आणि नळकांडी कापा आणि खऱ्या मापाच्या चासीच्या चित्रावर मांडून बघा. आपल्या देशात बॅटरीसाठी एआयएस-०३८ आणि हायड्रोजन गाडीसाठी एआयएस-१५७ अशी दोन वेगळी स्टँडर्ड्स आहेत, ती दोन्ही शेजारी उघडी ठेवा. मग प्रत्येक डब्याला तीन प्रश्न विचारा: बाजूने खांब आदळला तर काय होईल, शेजारचा पेटला तर काय होईल, आणि हा दहा वर्षांनी बाहेर कसा काढणार? तिन्ही उत्तरं मिळाली, की मग मोटरचा कॅटलॉग उघडायला हरकत नाही.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल