मामंजींना दुखवू नकोस, पण बेणं तूच बघ

अगं, उसाच्या कांडीवर राखेसारखं बसलंय, चोळलं तरी सहज जात नाही म्हणालीस ना? ती खवले कीड. नखानं एक खवला अलगद उचलून बघ, खाली पिवळसर मऊ ठिपका दिसेल. ती मादी. जन्मल्यावर थोडा वेळ तिला पाय असतात, तेवढ्यात काय ती फिरते. पेरावर एकदा सोंड रुतवली, की पहिल्या कातीबरोबर पाय जातात नि ती तिथंच मुक्काम ठोकते. टाकलेली कात आणि अंगातलं मेण यांची वर ढाल होते. पिल्लंसुद्धा त्याच ढालीखाली जन्मतात.

म्हणून दुकानदार देईल ते महागडं औषध लगेच मारत सुटू नकोस बाई. वर पाचट, त्याखाली ढाल. फवारा पोचणार कुठं? पिठ्या ढेकूण असता तर चिकटा सुटला असता, मुंग्या लागल्या असत्या, काजळी धरली असती. गड्यांनीच येऊन सांगितलं असतं. ही चिकटा सोडतच नाही. शेंडे वाळायला लागतात तेव्हा कळतं. तोवर कांडी सुरकुतलेली, फाडली तर आतून तांबूस, आणि उतारा घटलेला.

पेरं सुटायला लागली, की खालचं वाळलेलं पाचट काढून बघत जा. काढलेलं फडाबाहेर ने. कांड्यांवर काळे चकचकीत ढालकिडे दिसले तर त्यांना मारू देऊ नकोस, ते ही खवले कीड खातात.

आता अवघड काम. या फडाचा खोडवा ठेवायचा नाही, आणि यातलं बेणं तर मुळीच धरायचं नाही. एका रानातून दुसऱ्या रानात ही कीड जाते ती जास्त करून बेण्यातूनच. मामंजी म्हणणार, घरचं सोडून विकतचं कशाला? वाद घालू नकोस. चहाच्या वेळी दोन कांड्या पुढ्यात ठेव, एक निरोगी, एक ही, आणि नख त्यांनाच लावू दे. पुरुषांना स्वतः शोधलेलं लवकर पटतं (आमच्याकडे तर हमखास).

विकतचं बेणं घेतानाही पाचट सोलून बघितल्याशिवाय गाडी भरू देऊ नकोस. बेणेप्रक्रियेचं औषध आणि प्रमाण कृषी सहायकाकडून कागदावर लिहून घे, तोंडी नको. आणि त्या रानात पुढच्या खेपेला ऊस नकोच, हरभरा टाक.