निघण्याआधी तिथी विचारा

जयगडहून तवसाळला किंवा धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जायचं म्हणून कोणी माझ्याकडे चौकशी केली, की मी आधी विचारतो, त्या दिवशी तिथी कोणती? पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना वाटतं, काका मुहूर्त बघतायत. मला हवी असते भरतीची वेळ. तिथीची पाऊणपट केली की आमच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता ते कळतं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या; दिवसाही आणि रात्रीही. त्यात सहा तास मिळवले की सुकती. वडिलांच्या पिढीने शाळेत पावकी-निमकीबरोबर पाऊणकीही घोकलेली होती. त्या पाऊणकीचा हा उपयोग त्यांना राजिवड्याच्या एका तांडेलाने दाखवला, आणि त्यांनी मला. आता मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, ते जास्त अचूक असतात, जरूर पाहावेत. पण खाडीच्या काठावर रेंज जाते तेव्हा तोंडी हिशेब येत असलेला बरा.

तिथीचा आणि फेरीबोटीचा संबंध काय, तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती चढते तशी ओहोटीही खूप खाली जाते. मग जेटीचा एरवी पाण्याखाली असलेला उतार उघडा पडतो. त्याच्यावर शेवाळ असतं. बोटीची फळी त्या उतारावर टेकते तेव्हा दोहोंच्या मध्ये असा कोन होतो की लांब, बसकी गाडी पोटाला घासते. कधी बोट टेकवताच येत नाही आणि पाणी चढेपर्यंत थांबावं लागतं. अष्टमीच्या मागेपुढे भांगाचे दिवस असतात, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. आजारी माणूस किंवा लहान मूल घेऊन जायचं असेल आणि दिवस निवडणं आपल्या हातात असेल, तर मी भांगाचा दिवस आणि सकाळची वेळ सुचवतो. सकाळी वारा पडलेला असतो. दुपारनंतर तो भरतो आणि खाडीच्या तोंडाशी पाणी खवळतं.

हे सगळं आमच्या लहानपणी कोणाला सांगावं लागत नसे, कारण तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे बोटीनेच जायचं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरांची ओळ आम्हाला रेल्वेच्या स्टेशनांसारखी पाठ होती. आधी बॉम्बे स्टीमच्या बोटी होत्या, पुढे चौगुल्यांच्या आल्या, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’. शेवटी हा कारभार मोगल लाइनकडे गेला आणि 1980च्या दशकाच्या अखेरीस सगळंच थांबलं. रत्नागिरीला बोट खोल पाण्यात उभी राही. मांडवीच्या धक्क्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. ट्रंका, होल्डॉल, आंब्याच्या पेट्या, माहेरवाशिणी, सगळं एका पडावात. बोटीच्या कुशीला पडाव लागला की तो लाटेबरोबर माणूसभर वर जायचा आणि तसाच खाली यायचा. शिडीशी उभा असलेला खलाशी दंड धरून ठेवायचा आणि म्हणायचा, “थांब, थांब... आता!” पडाव वर आल्याक्षणी पाय शिडीवर टाकायचा, खाली जात असताना कधीच नाही. माझी आजी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, डोळे खलाशाच्या तोंडावर ठेवून चढायची. तिने पाण्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

त्या प्रवासाचे हाल मी विसरलेलो नाही. डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची, शेजारच्याला बोट लागली की आपल्यालाही मळमळायचं, आवळासुपारी चघळत रात्र काढायची. पण त्या प्रवाशांना एक गोष्ट नीट माहीत होती. बोट उशिरा येऊ शकते, बंदर न घेता पुढे जाऊ शकते, वारा वाढला तर येणारही नाही. म्हणून फराळाचा डबा एका दिवसाचा नसे. बंदराजवळ कोणाकडे तरी उतरण्याची सोय आधी बोललेली असे. पावसाळ्यात बोटी बंदच, त्यामुळे मुंबईचं काम मे महिन्यापूर्वी उरकायचं किंवा नारळी पौर्णिमेनंतर पाहायचं.

आजचा प्रवासी स्वतःच्या गाडीतून येतो. नकाशावर खाडीतून आखलेली तुटक रेघ त्याला रस्त्यासारखीच दिसते. एक तासाचा वळसा वाचतो हे कळतं, पण ती रेघ अधूनमधून पुसली जाते हे कळत नाही. त्याचा त्रास मी माझ्या घरच्यांबरोबर भोगला आहे. हेदवीकडून काकूंना रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे आणत होतो. मे महिन्याचा शेवट, आभाळ दक्षिणेकडून भरून आलेलं. तवसाळच्या जेटीवर पोचलो तर बोट पलीकडच्या काठाला लागलेली आणि फळी वर ओढलेली. गाड्यांची रांग, पण सांगणारं कोणी नाही. फोन केला तर उचलला जात नव्हता. एकदा उचलला तेव्हा “अर्ध्या तासात सुरू होईल” असं उत्तर आलं. अर्धा तास झाला, मग दुसरा. काकूंना दम लागत होता. रांगेतल्या एका टेम्पोवाल्याने माझ्या गाडीत डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाला, “भाऊ, आज वारा पडणार नाय. तुम्ही मागे फिरा.” आम्ही फिरलो. आबलोली, भातगावचा पूल, राई, जाकादेवी असा वळसा घालून रत्नागिरीला आलो. दवाखाना बंद व्हायच्या आत पोचलो हे नशीब.

बोट थांबवणं बरोबरच होतं. तशा वाऱ्यात ती सोडली असती तर मीच आधी विरोध केला असता. चीड आली ती त्या “अर्ध्या तासात”ची. स्पष्ट “आज नाही” म्हटलं असतं, तर काकूंचा तो वेळ वाचला असता.

तेव्हापासून माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी सांगतो, की वळशाचा रस्ता निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा आणि त्याला पुरेल एवढं पेट्रोल टाका. जयगड-तवसाळला भातगावचा पूल आहे. दाभोळ-धोपाव्याला मात्र तेवढा सोपा पर्याय नाही. गुहागरहून चिपळूण-खेडमार्गे दापोली गाठायची तर अर्धा दिवस जातो. 2003 साली ती फेरीबोट सुरू झाली तेव्हा त्या खाडीकाठच्या माणसांना तिचं एवढं मोल वाटलं ते याचमुळे. दिवसाच्या शेवटच्या फेरीवर भिस्त ठेवू नका. तिच्या आधीची फेरी आपली शेवटची, असं धरून चाला. रोजची औषधं डिकीत नको, हाताशी ठेवा. आणि जेटीवर माहिती हवी असेल तर तिकीट फाडणाऱ्यापेक्षा दोर टाकणाऱ्या खलाशाला विचारा. “सुटणार का?” असं विचारलं तर तो हो म्हणेल. “तुम्ही तुमच्या घरच्यांना आज या बोटीने न्याल का?” असं विचारा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

बोटीवर गाडी चढवताना चालकाखेरीज सगळ्यांनी उतरून चालत जावं. कडेने जाऊ नये, शेवाळ कडेलाच जास्त असतं. म्हाताऱ्या माणसाचा हात धरायचा तर उताराच्या खालच्या बाजूला आपण राहायचं. गाडी लागली की हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये टाकून, काचा खाली करून बाहेर यायचं. बंद काचेआड एसीत बसून राहणारी कुटुंबं मी प्रत्येक वेळी पाहतो आणि प्रत्येक वेळी काचेवर टकटक करतो. काही जण रागावतात. रागावू देत. गाडी पाण्यात गेली तर बंद दार पाण्याच्या दाबाने उघडत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

आणि एका बाजूला गर्दी करू नका. डॉल्फिन दिसला की सगळे मोबाइल घेऊन एकाच कठड्याकडे धावतात. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. भर पावसाळा, वारा-पाऊस एका अंगाने झोडपत होता आणि घाबरलेले उतारू दुसऱ्या अंगाला सरकले. वाचलेल्यांनी सांगितलेली ती हकिगत आमच्या घरात कितीतरी वर्षं बोलली जात होती, कारण अलिबागकडचे आमचे एक सोयरे त्या बोटीत होते. ती फार जुनी गोष्ट वाटत असेल, तर 18 डिसेंबर 2024 आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली. समुद्र शांत, दुपारची वेळ, किनारा नजरेच्या टप्प्यात, आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. जॅकेट मागून घ्या. छातीवरचे पट्टे आवळून बांधा. मुलांना मुलांच्या मापाचंच हवं, मोठ्यांच्या जॅकेटमधून लेकरू खाली निसटतं.

आता मोठ्या बोटीचं पुन्हा बोललं जातंय. मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गापर्यंत रो-रो सेवेची घोषणा 2025च्या गणपतीच्या तोंडावर झाली. माझ्या भाच्याने त्या भरवशावर रेल्वेचं तिकीटच काढलं नव्हतं. सणाला चाकरमानी नेहमीसारखे रेल्वेने आणि एसटीनेच आले. ही बोट नियमित चालावी असं मला मनापासून वाटतं. पण समुद्रावरच्या घोषणा जगात सगळीकडेच लांबतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची बहुतेक बेटं फेरीबोटींवर जगतात. तिथल्या ॲरन बेटासाठी ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही बोट 2015 साली बांधायला दिली, 2018मध्ये मिळायची होती, आणि तिच्यात उतारू चढले ते जानेवारी 2025मध्ये. तोवर म्हाताऱ्या बोटी रेटत राहिल्या, फेऱ्या रद्द होत राहिल्या, बेटावरच्या माणसांच्या दवाखान्याच्या वेळा चुकत राहिल्या. एवढा श्रीमंत देश, एवढा जुना जहाजबांधणीचा वारसा, तरी ही स्थिती. म्हणून नव्या सेवेच्या पहिल्या हंगामात लग्न, परीक्षा, ऑपरेशन असलं काही तिच्यावर टांगू नका. भाच्याला मी सांगितलंय, रेल्वेचं तिकीट काढ, बोट चालू लागली की रद्द कर. जातील ते थोडे पैसे गेले.

माझी मागणी साधी आहे आणि ती मी बंदर खात्याला लेखी दिली आहे. आज फेरी चालू आहे की बंद, वारा किती, भरती किती वाजता, एवढं लिहिलेला फलक जेटीवर नको, जाकादेवीच्या नाक्यावर हवा. पलीकडे आबलोलीलाही तसाच एक. दाभोळसाठी गुहागर आणि दापोलीच्या एसटी स्टँडवर. फेरी बंद असेल तर गाडीवाल्याला तिथूनच वळशाचा रस्ता धरता येईल. खडू आणि फळा पुरे. रोज सकाळी सहाला आणि दुपारी दोनला कोणीतरी तो पुसून नव्याने लिहायला हवा.