पाच सेकंदांचा खेळ आणि आपला पाठ
(इयत्ता 1 ली ते 4 थीच्या शिक्षकांसाठी)

1. विषयप्रवेश

खेळातून शिक्षण द्यावे, हे तत्त्व आपल्या प्राथमिक शाळांना अपरिचित नाही. तथापि कोणता खेळ काय शिकवितो आणि काय शिकवीत नाही, याचा विचार आपण क्वचितच बारकाईने करतो. हातात भ्रमणध्वनी घेऊन काचेवर बोट फिरविणारे मूल आता खेड्यापाड्यांतही दिसते. अशा खेळांवर सरसकट टीका करणे सोपे आहे, आणि त्यांची सरसकट स्तुती करणेही तितकेच सोपे आहे. प्रस्तुत लेखात अशा प्रकारच्या एकाच प्रसिद्ध खेळाची रचना पाहावयाची आहे व तिच्यातून आपल्या पाठास उपयुक्त तेवढेच निवडावयाचे आहे.

2. खेळाचा परिचय

जपानमधील क्योटो येथे 1889 साली पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झालेली निन्टेंडो ही संस्था पुढे इलेक्ट्रॉनिक खेळांसाठी जगभर ओळखली जाऊ लागली. 2004 साली तिने ‘निन्टेंडो डीएस’ नावाचे हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. पुस्तकाप्रमाणे उघडणाऱ्या या यंत्रास दोन पडदे असून खालचा पडदा स्पर्श ओळखणारा होता. हे यंत्र आता निघत नाही. परंतु त्याच्या सर्व आवृत्त्या मिळून सुमारे 15 कोटी 40 लाख नग विकले गेले.

जपानमध्ये हे यंत्र 2 डिसेंबर 2004 रोजी विक्रीस आले. त्याच दिवशी त्यासाठी ‘सावारु मेड इन वारिओ’ हा खेळही प्रसिद्ध झाला. ‘सावारु’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘स्पर्श करणे’ असा आहे. इंग्रजीत हा खेळ ‘वारिओवेअर: टच्ड!’ या नावाने 2005 साली आला.

हा एक खेळ नसून अतिलघु खेळांची माळ आहे. प्रत्येक खेळ साधारणतः पाच सेकंदांत संपतो. आरंभी पडद्यावर एक-दोन शब्दांची आज्ञा उमटते. चित्र पाहून काय करावयाचे ते खेळणाऱ्याने तत्क्षणी ओळखावयाचे असते. एखादा खेळ टिचकी मारण्याचा, एखादा घासून पुसण्याचा, एखादा रेघ ओढून कापण्याचा, तर एखादा गोल फिरविण्याचा. एका गटातील खेळ तर यंत्राच्या ध्वनिग्राहकावर फुंकर घालून खेळावयाचे असतात. एका फेरीत चार चुका झाल्या की फेरी संपते. जसजसे पुढे जावे, तसतशी गती वाढत जाते.

3. पाटी आणि पडदा

या यंत्राचा पडदा म्हणजे एका अर्थी विजेची पाटीच होय. त्यात विद्युत्‌वाहक थर दिलेले दोन पापुद्रे एकमेकांपासून किंचित अंतरावर बसविलेले असतात. लेखणीने वरचा पापुद्रा दाबला की त्या जागी तो खालच्यास टेकतो. त्या ठिकाणच्या विद्युत्‌दाबावरून स्पर्श नेमका कोठे झाला, हे यंत्रास समजते. म्हणूनच त्यास प्लॅस्टिकची साधी काडीही चालत असे. आजच्या भ्रमणध्वनीचा पडदा निराळ्या तत्त्वावर चालतो. आपले शरीर विद्युत्‌वाहक असल्याने बोट टेकताच तेथील विद्युत्‌भारात बदल होतो व तो यंत्र टिपते. साध्या लाकडी काडीने असा पडदा का चालत नाही, हा प्रश्न चौथीच्या मुलांना अवश्य विचारावा.

4. घेण्याजोगे गुण

या रचनेत तीन गोष्टी शिक्षकाने लक्षात घेण्यासारख्या आहेत.

(अ) आज्ञेचा संक्षेप. एका वेळी एकच क्रिया व तिच्यासाठी एकच क्रियापद. आपल्या वर्गात पुष्कळदा एकाच वाक्यात चार सूचना असतात. त्यांतील पहिलीच मुलाच्या ध्यानात राहते. जेथे मुलांची घरची भाषा कोरकू, भिली, गोंडी अथवा अहिराणी आहे, तेथे ‘मोज’, ‘जोड’, ‘खोड’ हे शब्द प्रथम कृती करून दाखवावेत व मग फळ्यावर लिहावेत.

(आ) तत्काळ निर्णय. बरोबर की चूक, हे खेळणाऱ्यास तेथल्या तेथे कळते. तपासलेली वही आठ दिवसांनी परत मिळाली, तर चूक कशामुळे झाली हे मूल तोवर विसरलेले असते.

(इ) चुकीस स्थान. एक चूक झाली म्हणून खेळ थांबत नाही. आणि एकदा भेटलेला लघुखेळ पुढे स्वतंत्रपणे निवडून पुनःपुन्हा खेळता येतो. चुकणे हा सरावाचाच भाग आहे, हे येथे उपदेशाविना समजते.

5. टाळावयाचा दोष

परंतु या खेळात एक गोष्ट अशी आहे की जी खेळात शोभते व वर्गात घातक ठरते. ती म्हणजे गती हीच गुणवत्ता मानणे. पाच सेकंदांत ज्यास उत्तर आधीच ठाऊक आहे तोच टिकतो. जो शोधीत आहे तो चुकलेला ठरतो.

एक उदाहरण घेऊ. ‘सात आठे किती?’ असे विचारताच एक मुलगी ‘छप्पन्न’ म्हणते. दुसरा मुलगा मनाशी म्हणतो, ‘सात साते एकोणपन्नास, त्यात आणखी सात मिळविले म्हणजे छप्पन्न.’ त्यास दहा सेकंद लागतात. घड्याळाच्या दृष्टीने तो नापास आहे. वास्तविक पाढा विसरल्यावरही उत्तरापर्यंत पोहोचण्याची वाट त्यास सापडली आहे, आणि ही वाट जन्मभर पुरणारी आहे. ‘चटकन सांगा’ या एका शब्दाने आपण अशा मुलास रोज गप्प बसवीत असलो, तर काही महिन्यांनी तो विचार करणेच सोडून देतो व शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहू लागतो. ‘मंद’ म्हणून नोंदलेल्या मुलांत अशी किती मुले असतील, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गापुरता करावा.

यंत्रास ‘कसे केलेस?’ असे विचारता येत नाही. शिक्षकास येते. शिक्षकाचे खरे काम येथूनच सुरू होते.

6. नमुना पाठ

विषय: गणित, इयत्ता 3 री. साहित्य: पाट्या, पेन्सिली व जुन्या पुठ्ठ्याची 20 कार्डे. प्रत्येक कार्डावर एक आज्ञा व एक चित्र अथवा उदाहरण असावे; जसे, ठिपक्यांच्या चार रांगा व ‘मोज’; दोन संख्या व ‘जोड’; पाच संख्या व ‘मोठी लिही’.

पहिली फेरी: कार्ड दाखवावे. मुलांनी पाटीवर उत्तर लिहून पाटी पालथी धरावी. सर्वांचे लिहून झाल्यावरच टाळी वाजवावी व पाट्या एकदम वर घ्याव्यात. यामुळे हुशार मुलाचे उत्तर ऐकून इतरांचा विचार थांबत नाही.

दुसरी फेरी: तीच कार्डे क्रम बदलून घ्यावीत. येथे गती थोडी वाढविण्यास हरकत नाही. कारण उदाहरणे आता परिचित झाली आहेत. प्रत्येकाने आपल्याच पहिल्या फेरीशी तुलना करावी, शेजाऱ्याशी नव्हे.

तिसरी फेरी: तीनच कार्डे घ्यावीत. प्रत्येक कार्डावर दोन-तीन मुलांनी आपली रीत सांगावी. ज्याचे उत्तर उशिरा आले, त्यास प्रथम बोलावयास लावावे. चुकीचे उत्तर आले असेल तर ते पुसू न देता कोणत्या पायरीवर वाट चुकली ते वर्गाने शोधावे.

7. चर्चेसाठी प्रश्न

केंद्राच्या शिक्षण परिषदेत पुढील प्रश्नांवर विचारविनिमय करावा.

(1) आपल्या वर्गात प्रश्न विचारल्यानंतर उत्तरासाठी आपण किती वेळ थांबतो? सहकाऱ्याकडून घड्याळ लावून मोजून घ्यावे.
(2) पाठांतर व गती यांची खरी आवश्यकता कोठे आहे आणि कोठे नाही?
(3) मुलांच्या आवडत्या एखाद्या खेळातील आज्ञा, निर्णय व चुकीचे स्थान या तीन गोष्टी तपासून त्यावर एक पाठ तयार करावा.

यंत्र असो वा पुठ्ठ्याचे कार्ड, साधन मुलाच्या हातास चालना देते. त्या हातामागील विचार ऐकून घेण्यास मात्र थांबणारा शिक्षकच हवा.